थेंबमावशींची लाल लेबलं

थेंबमावशींनी औषधाच्या दुकानात चौतीस वर्षं काढली, पण गिऱ्हाइकांनी त्यांचा चेहरा काही पाहिला नाही. दुकानाच्या मागच्या अंगाला प्लायवूडची भिंत, भिंतीला वहीएवढी खिडकी. खिडकीतून आधी बाटली बाहेर यायची, बाटलीमागून हात, हातामागून आवाज. "पाच थेंब, सकाळ-संध्याकाळ. चमच्याने नाही, थेंबच. आणि मोजून." त्यावरूनच नाव पडलं. खरं नाव पगाराच्या वहीत होतं, आणि दुसऱ्याच्या पगाराची वही उघडायची गल्लीत सोय नव्हती. नाहीतर तेही सगळ्यांना पाठ असतं.

कामाने त्या कंपाउंडर. डॉक्टरांची चिठ्ठी आली की मलम घोटायचं, मिश्रण ढवळायचं, पुड्या बांधायच्या. गल्लीतल्या इतर बायका पुड्या सोडायच्या, मावशी बांधायच्या, एवढाच काय तो फरक. पुढे सगळी औषधं तयार डब्यांतून यायला लागली. खल धूळ खाऊ लागला, प्लायवूडची भिंत निघाली, तिथे बाळांच्या लंगोटांची पुडकी रचली गेली आणि मावशी घरी आल्या. नवरा लवकर गेला होता, मुलगी वेळेवर गेली होती, म्हणजे सासरी. घरात उरला एक तराजू, दोन खल आणि चौतीस वर्षांची खोड.

ती खोड म्हणजे लेबल. मावशींच्या घरात लेबल नसलेली वस्तू फक्त मावशी. मिठाच्या बरणीवर "मीठ", साखरेच्या बरणीवर "साखर" आणि खाली लाल शाईत "मीठ नव्हे". हा त्यांचा दुकानातला कायदा होता: बाटलीत काय आहे ते काळ्या शाईत, बारीक, काय नाही किंवा काय करू नये ते लाल शाईत, मोठं, चौकटीत. "माणूस दगावतो तो काय आहे ते न वाचल्यामुळे नाही," त्या सांगायच्या, "काय नाही ते न वाचल्यामुळे." या कायद्याने चौतीस वर्षांत एकही चुकीची बाटली खिडकीबाहेर गेली नाही. मावशींच्या डोक्यावर मुकुट होता म्हणा, तो हाच.

रिकामे हात त्यांना चैन पडू देईनात. ओट्याच्या डाव्या बाजूला पोळ्या आणि उजव्या बाजूला मलम, अशी मधोमध चिकटपट्टी लावून त्यांनी वाटणी केली. डावीकडचा चमचा उजवीकडे सापडला तर तो दोन दिवस वाळीत. मेण, बदामाचं तेल, उकळून गार केलेलं पाणी, आणि शेवटी मागच्या बोळातल्या वासवाल्याकडून आणलेल्या सुगंधी तेलाचे बारा थेंब. तोंडाला, हाताला, कोपराला, कुठेही लावा. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, क्रीम म्हण गं, मलम काय? मलम म्हटलं की खाज आठवते." मावशी म्हणायच्या, "खाजही जाईल."

हा वासवाला म्हणजे बोलायला लागला की मधमाशीने वही काढून लिहून घ्यावं. त्याच्या बाटल्यांवर नाव नसायचं, आकडे असायचे. मावशींनी सात नंबरची बाटली हुंगली आणि विचारलं, "हे काय?" तेव्हा त्याने इकडेतिकडे बघून एका परदेशी अत्तराचं नाव घेतलं. ते नाव मोठमोठ्या काचेच्या दुकानांत सोन्याच्या अक्षरांत असतं. इथे ते लिहिण्यात अर्थ नाही. पुढचं सगळं महाभारत ते लिहिल्यामुळेच झालं. वासवाला म्हणाला, "तोच वास, मावशी. डोळे मिटून घ्या." मावशींनी डोळे उघडे ठेवून घेतला, पण विश्वास मात्र डोळे मिटून ठेवला.

आता दुसरी एखादी असती तर वास वापरून गप्प बसली असती. मावशींना ते पटेना. दुसऱ्याचा वास आपल्या डबीत घालायचा आणि सांगायचंही नाही, ही तर चोरी. म्हणून त्यांनी कायद्याप्रमाणे लेबल लिहिलं. काळ्या शाईत मेण, तेल, पाणी, थेंब, तारीख, घाण्याचा नंबर, म्हणजे कितव्या खेपेचं मलम ते. आणि खाली लाल शाईत, मोठ्या अक्षरांत, चौकटीत: "हे अमुक-अमुक नव्हे. वास तसा आहे." अमुक-अमुकच्या जागी ते सोन्याचं नाव. कोपऱ्यात एक गोल, गोलात इंग्रजी आर. भोवती सोनेरी पट्टी, बरी दिसते म्हणून.

डब्या हातोहात गेल्या. बायका दारात येऊन म्हणायच्या, "मावशी, ते आहे का हो?" आणि ते नाव घ्यायच्या. मावशी म्हणायच्या, "ते नव्हे." बायका म्हणायच्या, "हो हो, तेच द्या."

मावशींना खरी आस होती ती वेगळीच. औषधाच्या दुकानात शिरलं की काचेच्या दाराला लागून, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर एक फळी होती. आत येणारा प्रत्येक माणूस आधी ती फळी बघायचा, मग बाकीचं जग. चौतीस वर्षं त्या दुकानाच्या पाठीमागे बसल्यावर मावशींना आपली एक वस्तू पुढे ठेवलेली बघायची होती. धाकट्या मालकांपाशी त्यांनी शब्द टाकला. धाकटे मालक एक्कावन्न वर्षांचे, डोक्यावर केसांनी राजीनामा दिलेला, तरी धाकटेच. थोरले मालक भिंतीवरच्या फोटोतून अजून लक्ष ठेवून होते ना! मावशींनी यांना शाळेच्या गणवेशात खोकल्याचं औषध पाजलेलं. ते नाही म्हणणार कसे? "पुढच्या एक तारखेपासून फळी तुमची," ते म्हणाले, आणि नमुन्याला एक डबी गल्ल्याशेजारी ठेवून घेतली.

बावीस तारखेला दुकानात एक टायवाला आला. साबण-अत्तरांच्या कुठल्याशा बड्या कंपनीच्या वतीने दुकानं फिरणारा. त्याने ती डबी उचलली, वाचली, खाली ठेवली, पुन्हा उचलली, मोबाइल काढून चारी बाजूंनी फोटो घेतले आणि गोड आवाजात विचारलं, "हे कोण करतं?"

धाकटे मालक म्हणाले, "कुणी नाही." टायवाला हसला आणि गेला. त्या हसण्याने मालकांची दुपारची झोप उडाली.

संध्याकाळी ते स्वतः मावशींच्या जिन्यावर धापा टाकत हजर. "मावशी, माझ्यावर बालंट येईल हो!"

"बस आधी. दम खा. काय झालं?"

"ते नाव! ते त्यांचं नाव आहे. नोंदवलेलं. तुम्ही आपल्या डबीवर कसं घातलंत?"

"मी 'नव्हे' लिहिलंय."

"त्या टायवाल्याने 'नव्हे'चा फोटो काढला असेल असं वाटतं तुम्हाला?" मालकांनी रुमालाने टक्कल पुसलं. "हे बघा, मी तुम्हाला नाही म्हणत नाही. पण यातलं कळणाऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या. एक तारखेपर्यंत झालं तर फळी तुमची. नाहीतर तिथे दाढीचा फेस ठेवायला दुसरा एक जण मागे लागलाय."

यातलं कळणारं माणूस मावशींना ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, तेच दुखणं होतं. त्यांच्या मुलीची सासू. ही विहीण एकोणतीस वर्षं सरकारच्या त्या कचेरीत होती, जिथे मालाची नावं नोंदवतात. नाव आलं की ते जुन्या नावांशी ताडून बघायचं आणि हरकत काढायची, हे तिचं काम. लग्न ठरलं तेव्हा निमंत्रणपत्रिकेच्या मजकुरावर तिने चार हरकती काढल्या होत्या. चारही बरोबर होत्या, म्हणून मावशींनी तिला पाच वर्षांत माफ केलं नव्हतं. मावशी तिला मनातल्या मनात हरकतबाई म्हणायच्या. मनातल्या मनात म्हणजे मुलीशी, शेजारणीशी आणि दूधवाल्याशी.

"आई, तूच फोन कर," मुलगी म्हणाली. "त्या खूश होतील."

"ती खूश होईल म्हणूनच नको."

"मग राहू दे फळी."

मावशींनी फोन केला.

विहीणबाई दुसऱ्याच दिवशी आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत वही, पट्टी आणि दोन चष्मे, एक जवळचा आणि एक जवळचा हरवला तर.

"पाणी आणू?"

"पाणी नको. डब्या आणा."

मावशींनी टेबलावर अकरा डब्या मांडल्या. विहीणबाईंनी एकेक उचलून पुढून, मागून, बुडाखालून वाचली. "अक्षर सुरेख आहे तुमचं," त्या म्हणाल्या. मावशींना बरं वाटणार, तेवढ्यात पुढे म्हणाल्या, "म्हणूनच वाईट. लांबून वाचता येतं."

"पण मी स्पष्ट 'नव्हे' लिहिलंय, विहीणबाई."

विहीणबाईंनी चष्मा काढला, डबी हातभर लांब धरली आणि ते सोन्याचं नाव मोठ्याने वाचलं. "एवढंच दिसतंय. 'नव्हे' दिसत नाही. 'नव्हे' कुणालाच दिसत नाही. शेजारीण 'मी काही कुणाला सांगत नाही हं' म्हणाली, की तुम्ही त्यातलं 'नाही' ऐकता का?"

शेजारणींचा मावशींना दांडगा अनुभव. हे त्यांना पटलं. पण हार मानणं वेगळं. "लपवलं असतं तर चोरी. मी उघड सांगितलं!"

"दुसऱ्याची छत्री उघड सांगून नेली, तर ती आपली होते?"

"म्हणजे तो वासही वापरायचा नाही?"

"वास खुशाल वापरा. वासाला सहसा कुणाला कुंपण घालता येत नाही. नावाला घालतात, डबीच्या आकाराला घालतात, सजावटीला घालतात. लोकांना ही डबी त्यांच्याच घरची वाटली की संपलं. ही सोनेरी पट्टी कशाला?"

"बरी दिसते."

"त्यांच्याही डबीवर बरी दिसते. आणि हा गोल?"

इथे मावशींचा चेहरा उजळला. "आर. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतो तो. औषध नीट विचार करून केलंय असं कळायला."

विहीणबाईंनी दुसरा चष्मा काढला, बहुधा पहिल्यावर विश्वास न बसून. "अहो, चिठ्ठीवरच्या आरच्या पायाला तिरपी रेघ असते. हा गोलातला आर म्हणजे नाव सरकारदरबारी नोंदवलंय. तुमचं काय नोंदवलंय?"

मावशींनी विचार केला. "विजेचं मीटर."

"मग तो मीटरला लावा. नोंद नसताना हा गोल छापणं हा आणखी एक वेगळा गुन्हा." विहीणबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. हरकत नंबर तीन असावी. मग लाल चौकटीतल्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि हे. 'वास तसा आहे.' कसा?"

"त्यांच्यासारखा."

"त्यांचा कसा आहे?"

मावशींनी डबी उचलून झाकण उघडलं.

"तुम्ही घेतलाय का कधी त्या अत्तराचा वास?"

"वासवाला म्हणाला—"

"म्हणजे चिठ्ठी नाही, तपासणी नाही. बाटलीत काय आहे ते विकणाऱ्यानेच सांगितलं आणि तुम्ही लेबल लावलंत."

विहीणबाईंनी हे रोजच्या कामाच्या आवाजात म्हटलं, त्यात टोमणा नव्हता. त्या चोर म्हणाल्या असत्या तर मावशींनी पदर खोचून भांडण केलं असतं. तेवढी तयारी होती. पण हे भलतंच निघालं. बाटली न तपासता लेबल लावणाऱ्या एका माणसाला त्यांनी स्वतः दुकानातून काढायला लावलं होतं, थोरले मालक असताना. आता लाल शाईत, चौकटीत, बाहेर गेलेल्या सत्तावीस डब्यांवर त्यांनी तेच केलं होतं.

"उद्या जाऊ," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"वास घ्यायला."

काचेच्या दुकानात दोघी विहिणी दुसऱ्या दिवशी अकराला उभ्या राहिल्या. आत थंडगार, जमीन इतकी चकचकीत की मावशी पाय उचलून उचलून टाकत होत्या. केस घट्ट बांधलेल्या मुलीने विचारलं, "कुणासाठी हवंय, मॅडम?"

"हवं नाहीये," मावशी म्हणाल्या. "फक्त हुंगायचंय."

मुलीने बाटली दाबून कागदाच्या पट्टीवर फवारा मारला. मावशींनी पट्टी नाकाशी नेली नाही. दुकानात शिकवल्याप्रमाणे हात हलवून वास आपल्याकडे ओढला. एकदा. थांबून दुसऱ्यांदा. करपलेली साखर, आणि नव्या चामड्याच्या पिशवीसारखं काहीतरी जड, डोक्याशी जाऊन बसणारं. त्यांच्या डबीतल्या वासाशी त्याचं दूरचंही नातं नव्हतं. मेहुणा-साडू तर सोडाच, एका गाडीतले प्रवासीही नव्हते.

"हे ते नव्हे," मावशी हळूच म्हणाल्या.

"तेच तर लिहिलं होतंत," विहीणबाई म्हणाल्या. "पहिली ओळ खरी निघाली."

मुलगी गोंधळून बघत होती. मावशींनी आपलं मलम लावलेलं मनगट पुढे केलं. "याला काय म्हणाल?"

मुलीने हुंगलं, डोळे बारीक केले. "संत्र्याचं साल? आणि ओलं लाकूड... हे आमच्याकडे नाही मिळत. कुठलं आहे?"

"घरचं," मावशी म्हणाल्या, आणि हे बोलताना त्यांना कुणाचं नाव घ्यावं लागलं नाही.

बाहेर बसथांब्याच्या बाकावर नावाचा खल सुरू झाला. मावशी एकेक नाव काढत गेल्या आणि विहीणबाई ते जिवंत सोडेनात. 'सुगंधी' म्हटलं, तर ते सगळ्यांच्याच डबीवर हवं, एकटीला कोण देणार? 'मऊ' म्हटलं, तर उद्या शेजारणीलाही तिचं मलम मऊ म्हणावंसं वाटेल, तिचं तोंड कसं धरणार? आडनाव म्हटलं, तर त्या आडनावाची नऊ माणसं विहीणबाईंच्या एकट्या कचेरीत होती. शेवटी मावशींनी ठेवणीतलं काढलं. "मग 'थेंब'. गल्ली मला तेच म्हणते."

"बघितलं मी काल यादीत. केसांच्या तेलवाल्याने घेतलंय. एकोणीस वर्षं झाली. माल तुमच्याच वर्गातला, अंगाला लावायचा."

"माझं नाव? दुसऱ्याचं?"

"गल्लीला म्हणू द्या तुम्हाला थेंब. डबीला नको."

दोन बसेस गेल्या. मग विहीणबाईंनी पिशवीतून एक दुसरी वही काढली, पातळ, कडा मऊ झालेली, आणि ती उघडायच्या आधी उगाचच पिशवीची नाडी बांधली.

"एकोणतीस वर्षं मी लोकांची नावं तपासली," त्या म्हणाल्या. "मला मात्र कशाचं नाव ठेवायला मिळालं नाही. मुलाचं सासूबाईंनी ठेवलं, इमारतीचं बिल्डरने, नातीचं तुमच्या मुलीने."

"माझ्या मुलीने नाही, तुमच्या मुलाने ठेवलं ते."

"तेच. मला विचारलं नाही." त्यांनी वही उघडली. "म्हणून डब्याच्या सुट्टीत लिहून ठेवायची. कुणी आणलेलं नाही असं नाव सुचलं की."

साठेक शब्द होते. बहुतेकांवर काट मारलेली, शेजारी तारीख. त्या दिवशी कुणीतरी ते नाव घेऊन कचेरीत आलं होतं. उरलेल्यांतल्या एकावर त्यांनी पट्टी ठेवली. 'झुलेरी.'

"म्हणजे काय?"

"काहीच नाही. म्हणून तर चांगलं. ज्याला आधीच अर्थ आहे ते दहा जणांचं असतं. हे रिकामं भांडं आहे, तुम्ही भराल ते त्यात राहील."

मावशींनी ते तोंडात घोळवून पाहिलं. "औषधासारखं वाटतं."

"मग जमेल तुम्हाला."

"अर्ज तुमच्या नावाने करू. नाव तुमचं."

"छे. मलम कोण घोटतं? ज्याचा माल, त्याचा अर्ज." विहीणबाई उठल्या, बस आली होती. "आणि विहिणी-विहिणींची भागीदारी म्हणजे दोन वकिलांच्या पोटापाण्याची सोय."

नावाचा अर्ज कचेरीत गेला आणि नवी लेबलं दोन दिवसांत झाली. सोनेरी पट्टी गेली, गोल गेला. वर 'झुलेरी', खाली काळ्या शाईत मेण-तेल-पाणी, आणि "वास: संत्र्याचं साल, ओलं लाकूड, किंचित कापूर." लाल चौकटीत एवढंच: "पोटात घेऊ नये." विहीणबाईंनी फोनवर एकही हरकत काढली नाही. मावशींना ते जरा चुकल्यासारखंच वाटलं.

पण फळीवर जायच्या आधी एक काम होतं, आणि ते मावशींना कुणी सांगितलं नव्हतं. औषधाच्या दुकानाचा नियम: चुकीचं लेबल बाहेर गेलं तर बाटली आपण जाऊन आणायची, घर कितीही लांब असो. त्यांच्याकडे नोंदवही होती, कोणत्या घाण्याची डबी कोणाकडे. सत्तावीस. एका हातात डिंक, दुसऱ्या हातात नवी लेबलं घेऊन मावशी दारं वाजवत निघाल्या, आणि प्रत्येक दारात एकच वाक्य: "मी चुकीचं लिहिलं होतं. वास तसा नाही." पहिल्या दारात ते वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. दहाव्या दारापर्यंत सरावलं. कष्ट मात्र कमी झाले नाहीत, कारण लोकांना चूक दुरुस्त करून नकोच होती.

"राहू द्या हो मावशी," चौथ्या मजल्यावरच्या सूनबाईने डबी पाठीमागे लपवली. "नणंदेने तीनदा हातात घेऊन पाहिलीये!"

"अगं, त्यावर 'नव्हे' लिहिलंय."

"तो भाग मी भिंतीकडे केलाय."

"दे इकडे."

"आतलं मलम न्या हवं तर. लेबल ठेवून जा!"

मावशी तिच्या सोफ्यावर पाऊण तास बसून राहिल्या. सासूबाई बाहेर आल्या, विषय काय म्हणून विचारू लागल्या, तेव्हा सूनबाईने निमूट डबी दिली.

सव्वीस झाल्या. सत्ताविसावी नोंदवहीत मुलीच्या नावावर होती, दोन डब्यांतली दुसरी. मुलगी फोनवर म्हणाली, "ती? ती माझ्याकडे नाही. सासूबाईंच्या कपाटात आहे."

मावशींनी विहीणबाईंचं दार वाजवलं. विहीणबाईंनी डबी आणून दिली, चेहरा कचेरीतला. मावशींनी झाकण उघडलं. तळ दिसत होता.

"संपत आलीये की."

"उडून जातं ते," विहीणबाई म्हणाल्या.

"मेण उडत नाही."

"मग कमीच भरलं असेल तुम्ही."

मावशींनी जुनं लेबल पाण्याने भिजवून काढलं, नवं चिकटवलं, कडा अंगठ्याने दाबल्या आणि पाच वर्षांत पहिल्यांदा त्या घरी चहाला थांबल्या.

एक तारखेला सकाळी मावशी अकरा डब्या घेऊन दुकानात गेल्या. धाकट्या मालकांनी एक डबी फिरवून पाहिली आणि खांदे पाडले. "झुलेरी म्हणजे काय?"

"अजून काही नाही."

"आणि तो गोल? तो बरा होता हो, वजन यायचं."

"नोंद झाली की येईल. वर्ष लागेल, दीडही लागेल."

मालकांनी डब्या फळीवर मांडल्या खऱ्या, पण नजर खालच्या फळीकडे, कापसाच्या गुंडाळ्यांशेजारी. तिथे त्यांनी आधीच हातभर जागा करून ठेवली होती. "दुपारपर्यंत बघू," ते म्हणाले. "लोकांनी ओळखलं नाही तर... मावशी, खाली काही वाईट नसतं."

नेहमीच्या सवयीने मावशी मागे जायला निघाल्या, दोन पावलं गेल्या, आणि वळून पुढे फळीशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

टायवाला अकराच्या सुमाराला येऊन गेला. डबी चारी बाजूंनी पाहिली, मोबाइल अर्धा बाहेर काढला, पुन्हा खिशात घातला आणि डोकेदुखीची गोळी विकत घेतली.

मग एक बाई आल्या, पलीकडच्या रस्त्यावरच्या. आपल्या मुलीकडून ऐकून आलेल्या. त्यांनी फळी वरपासून खालपर्यंत पाहिली. "ते नाही का?" आणि ते सोन्याचं नाव घेतलं. "इथे मिळतं म्हणाली मुलगी."

मालकांचा हात खालच्या फळीकडे गेला.

"ते इथे कधीच नव्हतं," मावशी म्हणाल्या.

"अहो, मुलीकडे आहे! डबीवर लिहिलं होतं, वास तसा आहे म्हणून."

"लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं. तसा नव्हता. मी खरा वास न घेताच लिहिलं."

दुकानात आणखी तिघं उभे होते. त्यांतल्या एकाने तर औषधाची चिठ्ठी पुढे करायची थांबवली. मालक खोकले, मोठ्याने, तीनदा. मावशींनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"म्हणजे खोटं लिहिलं होतंत?"

"हो."

बाईंनी मावशींकडे नीट पाहिलं, मग फळीवरची डबी उचलली, झाकण फिरवलं, वास घेतला. पुन्हा घेतला. "मुलीच्या हाताला हाच येतो."

"मग हाच आहे."

"मला वाटलं, ते दुसरं काहीतरी महागडं असेल." बाईंनी लेबल जवळ धरून ओठांनी वाचलं. "झुले... काय?"

मावशींनी सांगितलं.

"दोन द्या," बाई म्हणाल्या. "एक माझ्या जावेला. तिला सांगेन, हे दुसऱ्या कुणासारखं नाही म्हणून."

मावशींनी दोन डब्या कागदात गुंडाळल्या, पुडीसारख्या, कोपरे दुमडून, आणि स्वतःच्या हाताने समोर दिल्या. धाकट्या मालकांनी खालच्या फळीवर केलेली जागा बघितली, इकडेतिकडे नजर टाकली आणि तिथे कापसाच्या चार गुंडाळ्या सरकवून दिल्या.